आहारावर संशोधन करायचंय? मग आधी वजनकाटा घे

कागलहून एका मुलीनं विचारलंय: "मी बी.एस्सी. फूड सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. डाएट चार्ट लिहून देणारी डाएटिशियन मला व्हायचं नाही. खाणं आणि आरोग्य यांचा संबंध शोधणारी संशोधक व्हायचंय. हे काम रोजच्या रोज कसं असतं? पुढं काय शिकावं? पोट भरतं का? आणि कोल्हापुरात राहून जमेल का? घरचे म्हणतात, खाण्यात कसलं आलंय शास्त्र."

घरच्यांवर रागावू नकोस. माझे वडील गंगावेशीतल्या तालमीत वाढलेले. पहाटे जोर-बैठका आणि मग कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध. मी एम.एस्सी.ला आहार हा विषय घेतला तेव्हा ते म्हणाले होते, "दूध किती प्यायचं ते म्हशीला इचार की, पुस्तकाला काय इचारतीस?" त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी गावोगाव फिरून लोक काय खातात ते मोजलं, त्यांच्या रक्ताच्या नि लघवीच्या बाटल्या वाहिल्या आणि आकड्यांशी झटापट केली. त्यातून जे कळलं तेवढंच सांगते.

या धंद्यातली खरी अडचण एकच आहे. रक्तदाब मोजायला यंत्र आहे, साखर मोजायला पट्टी आहे. माणूस काय आणि किती खातो ते मोजायला मात्र असं यंत्र नाही. ते त्याच्या तोंडून, नाहीतर ताटातून काढावं लागतं. 'अमुक खाल्ल्यानं तमुक होतं' असं छातीठोक सांगणारी बातमी वाचलीस की पहिला प्रश्न हाच विचार, की 'अमुक' मोजलं कसं? उत्तर आलं नाही तर पुढं वाचू नकोस.

माझी फजिती आधी सांगून टाकते. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या काही गावांत आम्ही 'चोवीस तासांची आठवण' या पद्धतीनं पाहणी करत होतो. बाईसमोर बसायचं आणि काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं ते एकेक करून काढून घ्यायचं. जगभर चालणारी पद्धत आहे. तीन महिने काम करून मी तक्ते तयार केले आणि ऐटीत आमच्या सरांपुढं ठेवले. सरांनी मांसाहाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना जवळजवळ कोरा. "म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात मटण खात नाहीत, असं तुझं संशोधन म्हणतंय?"

मला घाम फुटला. मग उलगडा झाला. संस्थेची जीप आम्हाला फक्त मंगळवारी मिळायची. मंगळवारी विचारलेला 'काल' म्हणजे सोमवार, आणि सोमवारी आपल्याकडं किती घरांत वशाट शिजतं? रविवारचा तांबडा-पांढरा, बुधवारची अंडी, यात्रेचं बोकड, यातलं काहीच आमच्या वहीत यायला वाट नव्हती. तीन महिन्यांचे कागद बाजूला ठेवले आणि सगळे वार सारखे वाटून घेऊन पुन्हा सुरुवात केली. जीप नसेल त्या दिवशी एस.टी.नं गेलो. तेवढ्यात श्रावण लागला आणि आधीच्या आखाडाचे आकडे आणि श्रावणाचे आकडे दोन वेगळ्या जिल्ह्यांचे वाटावेत इतके लांब गेले. शेवटी वर्षभर फिरलो, तेव्हा कुठं ते काम दाखवण्याजोगं झालं. या कामातली बेरीज क्वचित चुकते. जीप कुठल्या वारी सुटते तिथंच चूक होऊन बसलेली असते.

दुसरी गोष्ट मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. आपल्या भागात प्रत्यक्षात किती खातात हे बघायला आम्ही घरातल्या मिठाच्या डब्याचं वजन करायचो आणि आठवड्यानं पुन्हा करायचो. एका घरी मी पहाटे साडेपाचला चुलीशेजारी काटा मांडून बसले होते. आजीनं परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. मी वजन केलं. गरम पाणी ओतलं. तेही केलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला, निखाऱ्यावर फुगवली, आणि माझ्या काट्यावर ठेवली. भाकरीत मीठ नाही. वांग्याच्या कालवणात नावाला चिमूटभर. आठवड्यात डबाही फारसा हलला नव्हता. हे घर म्हणजे आदर्शच, असं मी मनात लिहूनसुद्धा टाकलं होतं.

एवढ्यात आजीनं फडताळातून बरणी काढली आणि कालवणात दोन चमचे लाल चटणी टाकली. मग ताटात भाकरीच्या कडेला पुन्हा चमचाभर, वर कच्च्या तेलाची धार. मी विचारलं, "आजी, ह्यात मीठ असतं का हो?"

"आता मीठ नसंल तर वरीसभर टिकंल व्हय ती? किलोभर मिरचीला पावशेर घालतो की आमी." सून पदरात तोंड लपवून हसत होती.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं 'चटणी' म्हणजे ओल्या नारळाची नव्हे. उन्हाळ्यात मिरची वाळवायची, त्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला आणि जाडं मीठ घालून कांडपावरून कुटून आणायचं, आणि ती बरणी वर्षभर प्रत्येक भाजीत, आमटीत, ताटात. आजीच्या मापानं हिशेब करून बघ. बाकीचे जिन्नस धरून एक किलो मिरचीची दोन किलो चटणी झाली तर त्यात मीठ आठवा हिस्सा. माणसानं दिवसाला १६ ग्रॅम चटणी खाल्ली, आणि तेवढी सहज जाते, तर २ ग्रॅम मीठ मिठाच्या डब्याला हातही न लावता पोटात गेलं. लोणचं, पापड, फरसाण आणि चौकातली मिसळ अजून बाहेरच आहेत. माझ्या प्रश्नावलीत ब्रेड, चीज, सॉस या सगळ्यांना रकाने होते, कारण ती मी परदेशी नमुन्यावरून उतरवली होती. चटणीला रकाना नव्हता. मी कोल्हापूरची असून नव्हता, ही गोष्ट मला आजही बोचते.

म्हणून मिठाच्या अभ्यासात नुसत्या तोंडी माहितीवर भिस्त ठेवायची नसते. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं. तेव्हा चोवीस तासांची लघवी गोळा करायची, त्यातलं सोडियम मोजायचं आणि अडीचनं गुणायचं, की मिठाचा अंदाज आला. ऐकायला सोपं आहे. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट प्रत्येक थेंब कॅनमध्ये. आता भांगलणीला जाणाऱ्या बाईला हे सांगून बघ. "म्याडम, ह्यो कॅन डोस्क्यावर घिऊन रानात जाऊ व्हय?" मग ती घरी असेल तो दिवस निवडायचा. पण घरी असलेल्या दिवशीचं खाणं आणि रानात गेलेल्या दिवशीचं खाणं एक नसतं, आणि घामाचं गणितही वेगळं. कॅन पूर्ण भरला की मधे दोनदा ओढ्याला सांडला हे कळावं म्हणून क्रिएटिनिन बघायचं, ते स्नायूंतून रोज साधारण ठरावीकच लघवीत उतरतं. तरीही शंका उरतेच. ती निबंधात लिहून टाकायची, लपवायची नाही.

तिसरी अडचण पदार्थांची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ अन्नपदार्थ तपासलेले. आमच्या पेशात ती रोज हाताखाली लागणारी गोष्ट. पण त्यात ज्वारी आहे, मटण आहे, तीळ आहेत. पांढरा रस्सा नाही. तो आपल्याला घरी जाऊन पकडावा लागतो. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, किती, तीळ-खसखस-काजूचं वाटण किती, नारळाचं दूध किती, सगळं कच्चं वजन. शिजल्यावर भांड्यासकट वजन, मग रिकाम्या भांड्याचं. मग वाटीत आलं किती. आणि प्रत्येक घरची 'वाटी' निराळी, म्हणून आपली मापाची भांडी पिशवीत. मिसळीत तर आणखी गंमत आहे. एकाच पातेल्यातून वरचा कट घेतला तर तो निम्मा तेल, तळातनं पळी घातली तर मटकी. 'मिसळ, एक प्लेट' असं लिहिणाऱ्यानं काही मोजलेलं नाही.

तू म्हणशील, एवढ्या बारकाव्यातून निघतं काय? निघतं, पण सावकाश.

आपल्याकडच्या या शास्त्राची सुरुवात १९१८ साली दक्षिणेत कुन्नूरला झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी तिथं बेरीबेरी या ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजाराच्या चौकशीसाठी छोटीशी प्रयोगशाळा सुरू केली. तीच पुढं वाढत १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेत बायोकेमिस्ट कमला सोहोनी यांनी काम केलंय. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीला बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परतल्या आणि पुढं मुंबईत त्यांनी नीरा, डाळी, भाताचं पीठ अशा गोरगरिबांच्या अन्नावर संशोधन केलं. केंब्रिजहून येऊन नीरेवर काम! मला त्यांच्या पदवीपेक्षा ही निवड मोठी वाटते.

आपल्या ज्वारीचंच बघ. दख्खनमध्ये जवळपास नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांना पेलाग्रा व्हायचा. उन्हाच्या भागावरची कातडी काळी पडून सोलायची, हगवण लागायची, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. पेलाग्रा नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या अभावानं होतो हे ठाऊक होतं, पण तो मका खाणाऱ्यांचा आजार अशी समजूत होती. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते शरीरातल्या नायसिनच्या कामात आडवं येतं. या ल्युसिनच्या मांडणीवर पुढं वर्षानुवर्षं वाद झाले. पण मुद्दा बघ. ज्वारी वाईट नव्हती, ज्वारीच्या जोडीला काही नसणं वाईट होतं. भाकरीबरोबर दूध, डाळ, अंडं आलं की हा आजार मागं हटतो. 'ज्वारी खा, सगळं बरं होतं' असं सांगणाऱ्या आजच्या शहरी उत्साहापुढं मला हे नेहमी आठवतं.

आणि पुण्याचं काम तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून त्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५. आपलं बाळ लहान, हडकुळं, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. म्हणजे बारीक दिसणारं बाळ आतून तितकं बारीक नाही. आपल्याकडं सडपातळ माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा तिथून सापडला. आईच्या खाण्यात एकूण उष्मांकांपेक्षा पालेभाजी, फळं, दूध किती वेळा येतं याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला. ती बाळं आता तिशीत आहेत आणि अभ्यास चालू आहे. विचार कर, एखाद्या संशोधकानं तरुणपणी ज्या बाईचं वजन केलं, तिच्या मुलाची साखर तो केस पिकल्यावर तपासतोय. हा धीर नसेल तर फूड कंपनीत जा. तिथं निकाल तिमाहीत लागतो. हे मी हिणवून म्हणत नाही, स्वभावाचा प्रश्न आहे.

पण नुसती नोंद ठेवून भागत नाही, कारण ती फसवते. भाज्या-फळं खाणाऱ्यांना कॅन्सर कमी, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन हे भाज्या-फळांतलं रंगद्रव्य जास्त, मग ते गोळीतून द्यावं, हा तर्क किती सरळ! फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर तो तपासला. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. भाजी खाणारा माणूस नुसती भाजी खात नसतो. तो दारू किती पितो, चालतो किती, कमावतो किती, सगळं वेगळं असतं.

आणि प्रयोगातही घोटाळे होतात. भूमध्यसागरी आहारावरचा, म्हणजे ऑलिव्ह तेल, सुका मेवा, भाज्या अशा खाण्यावरचा, स्पेनचा गाजलेला मोठा प्रयोग २०१३ मध्ये छापला गेला आणि २०१८ मध्ये मागं घेऊन दुरुस्तीसह पुन्हा छापावा लागला. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे, तर काही ठिकाणी एका घरातल्या दुसऱ्या माणसाला पहिल्याच्याच गटात घातलं होतं, एके ठिकाणी अख्खा दवाखानाच एका गटात. मला ते वाचून हसू आलं नाही. आपल्याकडं तर एका घरात एकच तवा. नवऱ्याला ऑलिव्ह तेल आणि बायकोला शेंगतेल असा कागदी गट पाडलास तरी फोडणी एकाच कढईत पडणार. म्हणून आपण घर किंवा गाव हाच एकक धरायचा, आणि ते आधीच लिहून, नोंदवून, नीतिसमितीकडून मंजूर करून ठेवायचं.

आता गुळाचं सांगितल्याशिवाय कोल्हापूरचा माणूस मला सोडणार नाही. प्रत्येक लग्नात पंगतीला कुणीतरी विचारतंच, "म्याडम, शुगर हाय, पण गूळ चालतोय न्हवं?" एकदा गुळाचे एक व्यापारी भेटायला आले. म्हणाले, "आमच्या गुळाला जीआय मिळालाय. आता शुगरवाल्यांना चालतो असं एक सर्टिफिकेट तेवढं द्या." कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेलं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. हा गूळ कोल्हापूरचाच, एवढंच ते सांगतं. साखर किती झपाट्यानं वाढते ते सांगणारा जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मी दोन्ही समजावून सांगितले. ते म्हणाले, "मग तो दुसरा पण काढून द्या की. खर्च आमचा. फक्त आकडा कमी यायला पाहिजे."

तो दुसरा आकडा काढायचा कसा ते तुला सांगते, कारण तू शिकल्यावर बहुधा पहिला प्रयोग हाच करशील. निदान दहा निरोगी माणसं रात्रभर उपाशी ठेवून बोलवायची. ज्यात नेमकं ५० ग्रॅम पचणारं कर्बोदक आहे एवढा पदार्थ द्यायचा. किती गूळ म्हणजे ५० ग्रॅम, हे आधी प्रयोगशाळेत ठरवायचं. मग खाण्याआधी एकदा आणि नंतर १५, ३०, ४५, ६०, ९०, १२० मिनिटांनी बोटाला टोचून रक्त. आलेख काढायचा, त्याखालचं क्षेत्रफळ मोजायचं. तीच माणसं आणखी निदान दोन वेगळ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पिऊन तेच सोसणार. दोन्हींचं गुणोत्तर शंभरानं गुणलं की तो आकडा. तिसऱ्या फेरीला निम्मे गडी फोन उचलत नाहीत, हे मी अनुभवानं सांगते.

गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोज, आणि साखर म्हणजेही सुक्रोज. गुळात थोडे क्षार आहेत, थोडं लोह आहे. त्यातलं काही उसातनं, काही रस आटवायच्या काहिलीतनं उतरतं, म्हणून एका गुऱ्हाळाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. गुळव्या रस किती आटवतो, तो निवळायला भेंडीचं पाणी घालतो की पावडर टाकतो, यावरही बरंच ठरतं. गुऱ्हाळावर काकवी भाकरीशी खाण्यासारखं सुख नाही, हे माझं वैयक्तिक मत. ते सर्टिफिकेट मी दिलं नाही. त्या वर्षी आमच्याकडं दुसरा कुठला निधी नव्हता आणि दोन मुलींचा पगार थांबला होता, म्हणून तो नकार सोपा नव्हता. असे प्रसंग तुझ्यावर येतील. पैसा देणाऱ्याचं नाव निबंधात छापता येईल का आणि निकाल उलटा आला तर छापायची मुभा आहे का, हे दोन प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचे. तोंडी नाही, कागदावर.

शिक्षणाचं थोडक्यात. फूड सायन्स पदार्थ तोंडापर्यंत पोचेतो साथ देतं. तुला त्याच्या पुढचं शरीर शिकायचंय. एम.एस्सी.साठी हैदराबादच्या पोषण संस्थेचा अप्लाइड न्यूट्रिशन हा अभ्यासक्रम आहे, मुंबईत एसएनडीटी, बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ. परभणीचं कृषी विद्यापीठही आहे, तिथं खेड्याशी संबंध जास्त. घर सोडता येत नसेल तर आपल्या शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्री कर. त्या वाटेनं या क्षेत्रात आलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत. मात्र संख्याशास्त्र कुठंही असलीस तरी मनापासून शीक. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आजपासून सुरू कर. माझ्या पिढीनं आकडे दुसऱ्याकडून सोडवून घेतले आणि त्याची किंमत मोजली. डाएटिशियनच्या कामाला तू नाकं मुरडलीस ते मात्र मला आवडलं नाही. सहा महिने एखाद्या रुग्णालयाच्या आहार विभागात काढ. सांगितलेलं पथ्य घरी गेल्यावर का मोडतं हे तिथं कळतं, आणि निम्मे चांगले संशोधनप्रश्न तिथंच सापडतात.

पैसे. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. वेळेवर येतील असं धरून हप्ते काढू नकोस. फेलोशिप नसेल तर प्रकल्पावरची नोकरी, म्हणजे प्रकल्प संपला की ऑर्डर संपली. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काढावी लागणारी वर्षं कुणी मोजत नाही. मी स्वतः तशी सहा वर्षं काढली. नवऱ्याची पगाराची नोकरी होती म्हणून निभावलं. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या मुलीवर घर चालतंय तिनं आधी कंपनीत गुणवत्ता तपासणी किंवा लेबलिंगची नोकरी धरावी, दोन पैसे गाठीला बांधावे आणि मग पीएच.डी.कडं वळावं. उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

कोल्हापुरात राहून जमतं का? शिकायला आणि पीएच.डी.ला बाहेर जा. जरूर जा. नाहीतर आपलीच पद्धत जगाची वाटू लागते. काम करायला परत यावंसं वाटलं तर इथं कामाला तोटा नाही. पश्चिमेला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि नाचणी, पूर्वेला ज्वारी, मधे ऊस आणि दूध. एका जिल्ह्यात इतकी निराळी ताटं. आणि तुझ्याकडं एक गोष्ट आहे जी हैदराबादेत मिळत नाही. कोरड्यास म्हणजे काय, माडगं कशाचं, आंबील कधी पितात, 'कण्या' जेवणात धरायच्या की न्याहारीत, हे तुला कुणाला विचारावं लागत नाही. बाई म्हणाली, "काय न्हाई, भाकरी आन् खर्डा," तर त्या खर्ड्यात शेंगदाणे किती आणि तेल किती हे तुझ्या तोंडून आपोआप विचारलं जाईल. मी ज्या बाहेरच्या सर्वेक्षकांबरोबर काम केलं, ते हुशार होते, पण 'काही नाही' असं लिहून पुढं जायचे.

सुट्टीत एक काम कर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घे. फार महाग नसतो. सोबत जादा सेल आणि कव्हरवाली वही. स्वतःच्याच घरात सात दिवस, सलग, आईचं आणि आजीचं खाणं मोज. वाढण्याआधी ताट, उठल्यावर उरलेलं. चहा कितीदा, त्यात साखर किती. चटणीची बरणी सकाळी एकदा, रात्री एकदा. त्या दोघींनी तुला दटावलं, तर ते वेळेसकट वहीत लिही. आई सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यातलं खरवडून खाते तेही धर, कारण विचारल्यावर ती ते सांगणार नाही. तिसऱ्या दिवशी तू मोजतेस म्हणून त्या कमी खायला लागतील, किंवा जास्त गोडधोड करतील. त्याचीही नोंद घे. आठव्या दिवशी काटा आत ठेवून दोघींना 'काल काय खाल्लं' विचार आणि उत्तर वहीशी ताडून बघ. दोन्हींत किती फरक पडला तेवढं मला कळव. पुढं कुठं अर्ज करायचा ते मग बोलू.